थुंक्याची बायको टाकीत का उतरली

जबाब देणारीचे नाव दप्तरी नोंदले आहे. गावात थुंक्याची बायको व कामावर तळघरवाली काकू या नावाने परिचित. वय चोपन्न. धंदा नोकरी, द्राक्षमळ्यातल्या वायनरीत पाहुण्यांना तळघर दाखवणे. राहणार वायनरीच्या मागच्या आवारातल्या दोन खोल्या.

मी वर लिहिलेली बाई, आज बंदराच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मला एक मुलगी आहे. ती परगावी दवाखान्यात नोकरीला असून अविवाहित आहे. तिचे लग्न का झाले नाही ते पुढे येईल. माझे पती त्याच वायनरीत रस चाखण्याच्या कामावर होते आणि तिथल्याच टाकीत मयत झाले. त्याला सोळा वर्षे झाली.

माझ्याविरुद्ध तक्रार देणारा इसम, जो सध्या बाहेरच्या बाकावर बसून सारखा घड्याळ बघतो आहे, तो माझ्या पतीचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर आहे. तक्रारीत त्याने माझा उल्लेख "एक अनोळखी वयस्कर महिला" असा केला आहे. यातले वयस्कर मला मान्य आहे. केस पांढरे झाले, अंगही सुटले. पण ज्या वहिनीने वर्षानुवर्षे दोन्ही वेळ गरम वाढले तिला तो सकाळी ओळखू शकला नाही, आणि दुपारी ओळखल्यावरही त्याने अनोळखीच लिहिले. हा फरक हवालदारांनी नोंदवून घ्यावा.

हवालदार म्हणतात, मुद्द्याचे बोला. मी मुद्द्याचेच बोलते आहे. त्यांनी सावकाश आणि लागेल असे अक्षर काढावे. मला कसलीही घाई नाही.

आमच्याकडचे काम कसे चालते ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. टाक्या तळघराच्या जमिनीखाली आहेत. वरून माणूस जाईल एवढे तोंड, त्यावर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. रस आंबताना त्यातून वायू निघतो. त्याला रंग नाही, त्याचा वास नाही. तो जड असतो आणि टाकी रिकामी केली तरी तळाशी दबा धरून बसतो. आत गेलेला माणूस दोन श्वासांत आडवा होतो, हाक मारायचीही सवड मिळत नाही. म्हणून कोणीही उतरण्याआधी जळती मेणबत्ती दोरीने खाली सोडायची. जळत राहिली तर उतरायचे. विझली तर पंखा लावायचा, झाकण उघडे टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेणबत्ती सोडायची. मालक असो की झाडूवाला, यात कोणाचे लाड नाहीत. मेणबत्ती मात्र हलक्या हाताने सोडावी लागते, कारण दोरीला हिसका बसला तर ती वायू नसतानाही विझते.

माझे पती चाखणारे होते. चाखणारा घोट तोंडात घोळवतो आणि बादलीत थुंकतो. गिळला तर दुपारपर्यंत त्याची जीभ कामातून जाते. बाकीचे चाखणारे संध्याकाळी घरी जाऊन दिवसभराची कसर भरून काढत. माझे पती घरीही शिवत नसत. जेवताना वाइनचा वास नको म्हणून मला ताटे दारात मांडायला लावत. सगळा गाव त्यांना थुंक्या म्हणायचा आणि ते हसून ओ द्यायचे. आमचे लग्न ठरताना माझ्या आईने नाक मुरडले होते, की असले कसले नाव. तेव्हा हाच दीर पुढे होऊन म्हणाला होता, "मावशी, या अख्ख्या मुलखात असा कोरडा माणूस दुसरा मिळायचा नाही. पोरगी सुखात राहील." ती राहिलीसुद्धा. जितके दिवस राहू दिली तितके दिवस राहिली.

पतीच्या मृत्यूच्या वेळी तळघराचा कारभार दिराच्या हातात होता. वायनरी तेव्हा आमच्या घरची होती, हिशेब आणि हुकूम त्याचे, जीभ माझ्या पतीची. हंगामाचे दिवस होते. द्राक्षांच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि चार नंबरची टाकी नुकतीच रिकामी झाली होती. ती खरवडायला माझे पती उतरले ते वर आले नाहीत. तळघरात दिराशिवाय दुसरे कोणी नव्हते. त्याने याच ठाण्यात जबाब दिला की मेणबत्ती व्यवस्थित जळत होती, टाकीत वायू नव्हता, परंतु भाऊ सकाळपासून प्यायलेला होता व मद्यधुंद अवस्थेत तोल जाऊन पडला. खाली सही केली. सख्ख्या भावाने लिहून दिल्यावर कोणाला जास्त तपासाची गरज वाटली नाही. कपड्यांना वाइनचा वास येतो एवढे पाहिले. वाइनच्या टाकीतून काढलेल्या माणसाला वाइनचा नाही तर काय गुलाबाचा वास येणार होता?

मी तेव्हा सांगितले होते की टाकीच्या तळाशी पडलेली मेणबत्ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती कोरी करकरीत होती, वातीचे टोक तेवढे काळे होते. म्हणजे खाली जाताच विझलेली होती. म्हणजे दोघांनी ती विझलेली पाहिली आणि तरीही एकजण उतरला, किंवा त्याला उतरवले. तेव्हाचे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे." कल्पना होती, पण कागदावर एक अक्षर घेतले नाही.

गावाचे सांगायचे तर, ज्या तोंडांनी त्यांना थुंक्या म्हटले होते त्याच तोंडांनी "चोरून पीत असणार" असे म्हणायला आठवडाही लावला नाही. मुलीचे लग्न ठरलेले होते. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की माणसे चांगली आहेत, पण बेवड्याची मुलगी करायला मन घेत नाही. मुलीने तो निरोप स्वतः दारात उभी राहून ऐकला, आत आली आणि कणीक मळायला बसली. त्यानंतर तिने कोणतेही स्थळ पाहू दिले नाही. दिराने वर्षाच्या आत वायनरी विकायला लावली आणि परदेशी निघून गेला. नवी मालकीण भली आहे, तिने मला कामावर ठेवले. पहिल्याच दिवशी चार नंबरच्या टाकीजवळ काम करायला जड जाईल का असे तिने विचारले. मी म्हणाले, मला तिथेच द्या.

हवालदारांनी इथे नवे पान घेतले. जुने पान मी वाचून मागितले व ते त्यांनी वाचून दाखवले. "कोरी करकरीत" हे शब्द त्यांनी गाळले होते ते घालून घेतले. हवालदार म्हणाले, "बाई, असं केलंत तर रात्र होईल." मी म्हणाले, होऊ द्या.

आज सकाळी धक्क्याला क्रूझ लागली. अशा जहाजातल्या पाहुण्यांची एक बस दिवसभराच्या सहलीला निघते. आधी डोंगरावरचे पुरातन शहर, ज्याला आम्ही नुसते पडके म्हणतो, नंतर आमची वायनरी, मग परत जहाजावर. गाईड लाल छत्री उंच धरून पुढे चालते म्हणून तिला सगळे छत्रीवाली म्हणतात. पडक्यात ऊन मरणाचे असते आणि सावली देईल अशी एकही भिंत धड नाही, तेव्हा मी वायनरीच्या टेम्पोतून थंडगार द्राक्षरस घेऊन वर जाते आणि पाहुण्यांना ग्लास भरून देते. हे माझे हंगामातले रोजचे काम आहे. आज मी मुद्दाम गेले असा तक्रारीत आरोप आहे, तो छत्रीवालीला विचारून खोडून काढावा.

पडक्यात दगडात कोरलेला एक हौद आहे. हजारो वर्षांपूर्वी लोक त्यात द्राक्षे तुडवत, असे छत्रीवाली सांगत होती. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेला एक पाहुणा मध्येच बोलू लागला की, "अहो, मी या धंद्यात जन्म काढलाय. तुम्ही दुपारी जिथे जाणार आहात ना, ती वायनरी एके काळी आमची होती." आवाज ऐकून मी वळून पाहिले. पोट सुटले होते, दात नवे होते, पण बोलताना खिशात हात घालून टाचांवर झुलायची ढब तीच. शेजारी त्याची बायको होती. नात्याने ती माझी जाऊ लागते, पण त्याने लग्न परदेशी गेल्यावर केले, म्हणून आमची गाठ आज पहिल्यांदाच पडली.

मी ग्लास पुढे केला. त्याने माझ्या हातून घेतला, माझ्याकडे पाहिले आणि "थँक यू, बाई" म्हणाला.

मग तो हौदाच्या काठावर पाय ठेवून सगळ्यांना सांगू लागला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे सांगते, कारण ते माझ्या कानातून जाणार नाहीत. "आमच्याकडे एक कामगार होता. काम काय, तर फक्त चाखायचं. या पठ्ठ्यानं चाखता चाखता इतकी ढोसली, इतकी ढोसली, की गेला की टाकीत! म्हणजे मरण बघा काय नशीबवान. वाइनमध्ये पोहत पोहत!" सगळे हसले. मोठा कॅमेरा गळ्यात घातलेल्या एका पाहुण्याने त्याला तो किस्सा पुन्हा सांगायला लावला, कारण पहिल्यांदा त्याचा कॅमेरा सुरू नव्हता. दिराने पुन्हा सांगितला, आणि दुसऱ्यांदा बुडबुड असा आवाजही काढून दाखवला. जाऊ हसली. तिला मी दोष देत नाही. आपण मोठ्या दिराच्या मरणावर हसतो आहोत हे तिला माहीत नव्हते. सख्ख्या भावाचा त्याने कामगार केला आणि रिकाम्या टाकीत वाइन भरली. मग ग्लास पुढे करून म्हणाला, "बाई, अजून थोडा." मी दिला.

त्या वेळी मनात काय आले असे साहेबांनी विचारले. राग आला. मस्तकाची शीर तडकेल असा आला. त्याला इजा करावी असे वाटले का, असेही विचारले. हो, वाटले. हातात काचेचा भरलेला जग होता आणि त्याचे डोके वीतभर अंतरावर होते. पण मेलेला माणूस जबाब देत नाही, हे मी एकदा चांगले शिकले आहे. मला तो जिवंत हवा होता, बोलता हवा होता आणि चारचौघांत हवा होता. कायमचा जाण्याआधी हवा होता. संध्याकाळी सहाला जहाज सुटले की तो पुन्हा या किनाऱ्याला पाय लावणार नाही हे मला दिसत होते.

टेम्पोतून परत येताना मी काय करायचे ते ठरवले. हे मी लपवत नाही. वायनरीत आल्यावर टाकीवाल्याला विचारून घेतले. चार नंबरची टाकी गेल्या आठवड्यात धुऊन झाली होती, तेव्हापासून पंखा चालू होता, आणि आजच सकाळी टाकीवाला स्वतः मेणबत्ती सोडून आत उतरला होता व तळ पुसून आला होता. त्याला साक्षीला बोलावावे. शेजारच्या टाक्यांमध्ये मात्र रस फसफसत होता, त्याचा वास तळघरभर होता. नाकाला कळू नये की कोणती टाकी कशी आहे, हे मला सोयीचे पडले.

पाहुण्यांना नेहमीप्रमाणे आधी चार वाइन चाखायला दिल्या. बादल्या ठेवल्या होत्या, पण पाहुणे थुंकत नाहीत, फुकटचे कोण थुंकणार. नंतर मी सगळ्यांना तळघरात नेले. दीर हातात ग्लास घेऊन मागे खांबाला टेकून उभा होता. खाली आल्यापासून त्याची बडबड बंद झाली होती. मी डोक्याला रुमाल बांधला होता आणि दिवा माझ्या पाठीमागे होता. चार नंबरचे झाकण उघडून मी मेणबत्तीची रीत सांगितली, जशी वर सांगितली तशीच. मग मेणबत्ती पेटवून खाली सोडली आणि तळाला पोचायच्या आत दोरीला हिसका दिला. ती विझली. हिसका मी जाणूनबुजून दिला.

पाहुणे तोंडाजवळ वाकून बघत होते. एक बाई म्हणाली, "अगंबाई, विझली!" मी म्हणाले, "विझू द्या. खरवडायला असा किती वेळ लागतो?" आणि शिडीवर पाय ठेवला.

मागून आवाज आला, "ओ बाई, थांबा. उतरू नका."

मी आणखी खाली गेले.

"ओ बाई! ऐकू येत नाही का? मेणबत्ती विझलीय!"

मी डोक्याचा रुमाल सोडला, वर पाहिले आणि म्हणाले, "विझली तर काय होतं, भाऊजी?"

त्याने मला तेव्हा ओळखले. ग्लास फुटल्याचा आवाज आला. मी शिडी सोडली आणि माझे पती ज्या कुशीवर सापडले होते त्याच कुशीवर टाकीच्या तळाशी आडवी झाले. डोळे मिटले. फरशी गार होती. तिथे निजल्यावर मला त्यांची फार आठवण आली, हेही लिहून घ्यायचे असेल तर घ्यावे.

वर एकच गलका झाला. त्यात दिराचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तो ओरडत होता, "वहिनी! वहिनी, वर या! दादा असाच गेला! विझलेली होती तेव्हापण! तो नको म्हणत होता हो, मीच म्हटलं उतर, गाड्या खोळंबल्यात! वहिनी, उठा! अरे, कुणीतरी जा की आत!"

हे शब्द असेच्या असे घेतले की नाही ते हवालदारांनी मला वाचून दाखवावे. वाचून दाखवले. "तो नको म्हणत होता" हे आले आहे. बरोबर आहे. सोळा वर्षे मी विचार करत होते की ते नको म्हणाले असतील का. म्हणाले होते.

दीर टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकून रडत होता असे मला नंतर पाहुण्यांनी सांगितले. रडला असेल. पण कुणीतरी जा असे तो ओरडला, स्वतः त्याने एक पाय आत घातला नाही. तेव्हाही घातला नसणार.

मी उठले, कपडे झटकले, खिशातली काडेपेटी काढली आणि टाकीच्या तळाशी उभी राहून तीच मेणबत्ती पेटवली. ती शांत जळत राहिली. वरच्या सगळ्या डोक्यांना ती दिसली. मी ती हातात धरून शिडी चढून वर आले आणि दिराच्या तोंडासमोर धरली. बोलायचे ते त्याने बोलून टाकले होते, आणि कॅमेरेवाल्याचा कॅमेरा या खेपेला पहिल्यापासून सुरू होता. ते चित्रण त्याने साहेबांच्या स्वाधीन केले आहे.

पहिली बोलली ती जाऊ. तिने विचारले, "दादा कोण? तुम्ही तर सांगितलंत कामगार होता."

दीर म्हणाला, "तू बसमध्ये जाऊन बस."

ती म्हणाली, "दादा कोण, ते सांगा आधी."

तिथे तो गप्प बसून बसमध्ये चढला असता तर तासाभरात जहाजावर असता आणि मी हात चोळत राहिले असते. हे मी मान्य करते, माझे गणित तिथवरच होते. त्याने बोललेले चारचौघांनी ऐकावे, त्याच्या बायकोने ऐकावे, एवढीच मी मजल मारली होती. पण त्याला सगळ्यांच्या नजरा सोसवेनात. बायकोसमोर काहीतरी मर्दुमकी दाखवायची म्हणून त्याने फोन काढून पोलिसांना बोलावले. म्हणाला, "या बाईनं आम्हाला विषारी गॅसच्या टाकीवर आणून मारायचा प्रयत्न केलाय. हिला आत टाका." आपल्या हाताने त्याने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, मला त्यात काही करावे लागले नाही. जीप आल्यावर मी रुमाल घडी करून ठेवला आणि आपणहून चढून बसले.

इथे आल्यावर साहेबांनी त्याला समजावून सांगितले की जिवे मारण्याच्या प्रयत्नाची तक्रार आहे, तेव्हा जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिचा जबाब पुरा होऊन त्यावर तक्रारदाराला विचारपूस होईपर्यंत त्याला जाता येणार नाही. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मग तक्रार मागे घेतो." साहेब म्हणाले, घ्या, पण टाकीत धोका नव्हता, तक्रार खोटी होती, असे लिहून द्या. दीर म्हणाला, खोटी कशी, मेणबत्ती विझलेली मी स्वतः पाहिली. साहेब म्हणाले, मग मेणबत्ती विझली की धोका असतो हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे असे लिहून द्या. त्यावर तो बाकावर जाऊन बसला. तेव्हापासून बसलेला आहे. सोळा वर्षांपूर्वी एका ओळीत मोकळा झाला होता. आज त्याला कोणतीच ओळ लिहिता येत नाही.

जावेचा जबाब माझ्याआधी झाला. तो थोडक्यात आहे. तळघरात काय ऐकले ते तिने सांगितले आणि सही केली. जाताना ती माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "मी सकाळी हसले."

मी म्हणाले, "तुला माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "टाकीत गेले त्यांना मुलगी आहे असं साहेब म्हणाले."

मी म्हणाले, "आहे. तुझी पुतणी लागते."

दाराशी छत्रीवाली खोळंबली होती, बस सुरूच होती. बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते, पण बसमध्ये नसलेल्या माणसासाठी थांबत नाही. दिराने जावेला हाक मारली, "अगं, तू तरी थांब. माझं जहाजाचं कार्ड तुझ्या पर्समध्ये आहे." तिने पर्स उघडली, कार्ड काढून हवालदारांच्या टेबलावर ठेवले आणि बसमध्ये जाऊन बसली.

माझा जबाब लांबतो आहे असे हवालदारांचे म्हणणे आहे व तसे त्यांनी नमूद केले आहे. मी दोनदा पाणी मागितले, एकदा चष्मा पुसायला वेळ घेतला आणि प्रत्येक पान वाचून मागितले, हे खरे आहे. मला वाचता येते. तरीही वाचून मागितले, हेही खरे आहे. दीर तीन-चारदा दारात येऊन "अजून किती?" असे विचारून गेला. साहेबांनी मघाशी खिडकीतून धक्क्याकडे एकदा पाहिले आणि हवालदारांना म्हणाले, "बाईंना पहिलं पान पुन्हा वाचून दाखवा. नीट." ते वाचणे चालू असताना जहाजाचा भोंगा झाला.

दीर धावत रस्त्यापर्यंत गेला. शिपाई त्याच्या मागे गेला, पण पकडायची गरज पडली नाही. तो आपणच परत आला. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, गेलं जहाज."

मी म्हणाले, "दिसलं."

तो म्हणाला, "झालं आता तुमचं समाधान?"

झाले का, असे साहेबही माझ्याकडे बघत होते, म्हणून सांगते. बरे वाटले. खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले. पण समाधान झालेले नाही. या ठाण्याच्या जुन्या कागदात माझ्या पतीच्या नावापुढे मद्यधुंद असा शब्द आहे. तो शब्द ज्याने घातला त्यानेच, त्याच्या हाताने, इथे बसून काढायचा आहे. मग त्या कागदाची नक्कल मला हवी आहे. ती मी मुलीला पाठवणार आहे. मुलाकडच्यांनाही पाठवणार आहे. ते लोक अजून त्याच घरात राहतात, मी पत्ता काढून ठेवला आहे. माझी दुसरी मागणी नाही.

मी सांगितले ते हवालदारांनी माझ्यासमोर लिहिले, मला सगळे वाचून दाखवले आणि काही पाने दोनदा वाचून दाखवली. त्यात माझ्या पदरचे जास्त नाही आणि कोणाच्या भीतीने कमी नाही. ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून खाली सही करते. उठून खुर्ची मोकळी करते. आता त्याचा जबाब घ्या.